उभ्या गाडीचा करंट

प्रिय बारके,

काल संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने बॅटरीला मीटर लावून सांगितलं, की गाडी जागच्या जागी उभी, मोठे दिवे, वायपर, हीटरचा पंखा सगळं चालू, तरी काटा साडेतेरा व्होल्टच्या खाली उतरत नाही. बराच वेळ त्याने इंजिन तसंच गुरगुरत ठेवलं. बाबा स्टुलावर बसून त्या काट्याकडे असे बघत होते, जसे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या दिव्याकडे बघतात. मग त्याने इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवली आणि ते एका झटक्यात चालू झालं. बाबा उठले आणि स्वतःच्या हाताने त्याला चहा करून आणला.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. त्या दोन सीटच्या लाल म्हातारीला आई शेवटपर्यंत माझी सवत म्हणत राहिली. गाडीचा स्क्रूसुद्धा मूळचाच हवा. जुना डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवा, म्हणून इलेक्ट्रिशियन कितीतरी वर्षं मागे लागला होता. डायनॅमो गाडी पळत असली तरच धड करंट देतो. उभ्या गाडीत दिवे लावले की ते थेट बॅटरी खातात; आल्टरनेटर इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी पुरेसा करंट देतो. बाबांचं उत्तर ठरलेलं, की म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याचं काळीज बसवून तरुण करायचं नसतं. वर स्वतःच हसायचे. त्या संध्याकाळनंतर ते हसलेले मी पाहिले नाहीत.

त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी बोललोच नाही. बोलणार तरी कुठे? धुकं होतं, म्हणून मी तुला न्यायला तुझ्या फाटकासमोर दिवे लावून, इंजिन चालू ठेवून थांबले होते. तुला निघायला उशीर झाला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. किल्ली फिरवली तर नुसतं टिक्. तेवढ्यात तू पळत येऊन शेजारी बसलीस आणि तुझ्यामागून तुझा नवरा आला, हातात फाटकाची लोखंडी दांडी. पहिल्या घावात काच माझ्या मांडीवर आली. दुसरा घाव खांद्यावर बसला. मग त्याने तुला केसांना धरून ओढलं, तू दाराची चौकट सोडेनास, तेव्हा तेच दार त्याने तुझ्या मनगटावर आपटलं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो. मी जॅकचा दांडा त्याच्या गुडघ्यात घातला. तो अजून लंगडतो म्हणे. मला तसूभरही वाईट वाटत नाही. पोलीस चौकीतल्या साहेबांनी मात्र आधी गाडीभोवती फेरी मारली. नवरा-बायकोत असं व्हायचंच, म्हणाले, पण गाडी काय ठेवलीय हो तुम्ही. आणि तुला त्याच्याच घरी परत धाडलं.

ज्या बाबांनी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडलं, त्यांनी गाडी ओढून घरी आणल्यावर डायनॅमो उतरवला आणि कामाच्या टेबलावर ठेवून घणाने ठेचला. तांब्याच्या तारा आतड्यांसारख्या बाहेर आल्या तरी हात थांबेना. प्रत्येक घावाला तोंडात तुझ्या नवऱ्याचं नाव. मी दारात उभी होते. थांबवलं नाही.

मग खरेदी. बाबांना दुकानातला सगळ्यात मोठा हवा होता, नव्वद अँपिअरचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, सूड घ्यायचाय की गाडी चालवायचीय? तुमचा पट्टा ह्याला पुरायचा नाही, घसरेल, आणि जुन्या वायरी तापून पेट घेतील ते वेगळंच. दुसरा होता डायनॅमोच्याच खोळीत लपवलेला, दिसायला अगदी अस्सल. तो बाबांनी हातातसुद्धा धरला नाही. दिसण्यापायीच पोरीचा हात गेला, म्हणाले. शेवटी साधा पंचेचाळीसचा घेतला, लहान पुलीचा, कारण इंजिन मंद चालतानाही तो भराभर फिरतो. गाडी पळताना किती मिळतं ह्याच्याशी आपल्याला कर्तव्यच नव्हतं.

तरी पहिला जळलाच. ह्या जुन्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, नव्या आल्टरनेटरला ऋण लागते. बाबांना हे झोपेतसुद्धा ठाऊक. पण इलेक्ट्रिशियन येईपर्यंत धीर निघेना, बॅटरी न फिरवताच तारा जोडल्या. फट्‌दिशी धूर, आणि करपल्या केसांचा वास. बाबांनी भिंतीवर अशी मूठ हाणली की दोन बोटं सुजून वांग्यासारखी झाली. दुसरा इलेक्ट्रिशियनने बसवला आणि बाबांना बजावलं, काका, स्टुलावरून उठलात तर मी निघालो.

मावशी म्हणते, कशाला एवढा खटाटोप, टॅक्सी करा. टॅक्सीवाला लोखंडी दांडी बघून आपल्याआधी पळेल, हे तिला कोण सांगणार?

तू हॉस्पिटलातल्या सिस्टरजवळ निरोप दिलास, की ती गाडी पुन्हा बंद पडेल आणि ह्या खेपेला तो ताईला जिवंत सोडणार नाही, म्हणून मी येत नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. सिस्टर शाळेत माझ्या वर्गात होती. प्लास्टर कापण्याआधी ती हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू वाचून संपवेपर्यंत मशीन मुद्दाम हळू चालवेल. तो बाहेर बाकावर बसला असेल. त्याला आत सोडत नाहीत. त्या खोलीला मागे एक दार आहे, ते अँब्युलन्सच्या गल्लीत उघडतं. मी तिथे उभी आहे, एकटी, कारण सीट दोनच आहेत आणि दुसरी तुझी आहे. बाबांना कसंबसं घरी बसवलंय. तुला वेळ लागला तरी चालेल, इंजिन बंद पडणार नाही. पर्स राहू दे, चपला राहू देत. कागद सिस्टरकडे दे, ती फाडेल. प्लास्टर निघालं की हात हलवून बघत बसू नकोस, ते नंतर बघू. सरळ दार ढकल.

गल्लीत थांबलेली,
तुझीच,
ताई