बाजेंच्या डबीतले केस

सिक्रे गाव, लमजुंग
१८ डिसेंबर १९९४

प्रिय खेमदाजू,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही हाँगकाँगच्या पलटणीत बरा असशील. नाचणी घरात आली. माहेरची म्हैस व्याली, पण रेडा झाला म्हणून आमाचं तोंड वाकडं आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे तेवढे थंडीने धरलेत.

आपल्या बाजेंच्या जिवाला वाटेला लावायचं अर्घूं फागुनात करायचं ठरलं. लामा बाहुल्याच्या सांगाड्यासाठी बांबू बघून गेले. बाहुल्यात घालायला आमाने सासऱ्यांचे, बाजेंचे, केस ते गेले तेव्हाच कापून ठेवलेत. केसांशिवाय जीव बाहुल्यात उतरत नाही आणि अर्घूंशिवाय गाव सोडत नाही, मग माणूस कितीही मोठ्या लढाईत लढलेला असो.

भिंतीवरच्या त्यांच्या वस्तू आमाने उतरवून पुसल्या. बर्माची पदकं, रुंद काठाची टोपी, खुकुरी, पोचे आलेली थाळी. तंबाखूची डबी मात्र त्यात नव्हती. ती बाजेंनी जाण्याआधी माझ्या हातात दिली होती.

"पूर्णेचे केस आहेत," ते म्हणाले. "नदीकाठी माझ्या मांडीवर गेला. कापून आणले, पण द्यायचे राहिले."

पूर्णे म्हणजे आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या फूलमती बज्यैचा नवरा. सरकारी तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. बाजे युद्धावरून परतले तेव्हा ती वाटेतच उभी होती, कडेवर पोर. तिचं तोंड बघून बाजेंच्या तोंडून निघून गेलं, "मरताना नाही बघितला. येईल."

एकदा 'येईल' म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं? आणि पाणवठ्याची वाट तिच्याच दारावरून. ती आपल्या अंगणात आली की बाजे पदकं राखेने घासायला बसत. आपण हसायचो, आठवतं?

मी आमाला सांगितलं तर ती म्हणाली, "घाल ते केस बाजेंच्याच बाहुल्यात. दोघं जोडीने जातील. म्हातारीला आता कळून काय करायचंय? उगाच माझ्या सासऱ्यांचे वाभाडे काढू नकोस."

मी बरेच दिवस डबी चोळीत घेऊन फिरले. शेवटी काल तिच्याकडे गेले. दार नेहमीसारखं उघडं. त्या दाराला तिने कधी कडी लावली नाही, लेकीकडे पोखऱ्याला कधी मुक्कामाला गेली नाही. तो आला आणि घर बंद दिसलं तर?

सगळं ऐकून तिने डबी उघडली, वास घेतला. मला वाटलं आता हंबरडा फोडेल. ती म्हणाली, "तुझ्या मेल्या बाजेने जन्मभर माझ्या भट्टीची रक्षी फुकट प्यायली."

मी म्हटलं, बाजेंना तुमची दया आली होती.

"दया? 'मेला' म्हणाला असता तर मी रडले असते, तेराव्याला उठून शेतात गेले असते. कदाचित दुसरं घरही केलं असतं. 'येईल' म्हणाला आणि मला उंबऱ्याला बांधून गेला. भला माणूस होता गं. म्हणून तर सोडवून घेता आलं नाही."

फागुनात आता दोन बाहुले उठतील. आमा माझ्याशी बोलत नाही. बज्यैने मात्र लेकीला निरोप धाडलाय, अर्घूं झालं की न्यायला ये म्हणून. आणि आज सकाळी मला विचारून गेली, "घराला कुलूप कुठलं चांगलं?"

दाजू, आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

हे तुझ्याच ओळखीने हाँगकाँगला गेले. आधी पत्रं आली, मग पैसेच, मग काहीच नाही. सासूबाई रोज सकाळी माझ्या कपाळावर कुंकू आहे ना बघतात. माहेर गावातच असून मला तिथे राहता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही. तुझ्या प्रत्येक पत्रात एकच ओळ असते, धीर धर, येतील. दसैंच्या सणाला तू रजेवर आलास तेव्हा मी यांचं विचारलं, तर तू बूट पॉलिश करायला बसलास. बूट आधीच चकाकत होते.

यांनी तिथे दुसरा संसार मांडलाय, की माणूसच राहिला नाही, जे असेल ते लिही. तू माझ्या भल्यासाठीच गप्प आहेस, मला ठाऊक आहे. मी रडेन आणि उठेन. फक्त 'येतील' एवढं लिहू नकोस.

दाराला अजून कडी न लावलेली
तुझी बहीण,
जुनकली