फाटायची परवानगी

३ मार्च
साफी गावाहून कासा शहरात सुखरूप पोचले. नात घिझलान बसपाशी उभीच होती. मला बघताच म्हणाली की हन्ना, तू आणखी बुटकी झालीस. म्हटलं, मला कुठे लग्नाला उभं राहायचंय! हन्ना म्हणजे आजी, म्हणजे मी, महजूबा. चाळीस वर्षं साफीत मडकी विकली, अक्षर एकही शिकले नाही. म्हणून पोरीने हा फोन दिलाय. आपण बोलायचं, तो लिहितो. माझ्या नवऱ्यापेक्षा बरा, ऐकतो तरी.
घर चौथ्या मजल्यावर, उन्हाचं. खिडकीतून विमानाचे भाग बनवणारा कारखाना दिसतो. तिथे घिझलान कॉम्प्युटरवर पंख मोडते. खरे नव्हेत, चित्रातले. त्याचा पगार मिळतो!

५ मार्च
आज तिने नीट समजावलं. कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड, थरावर थर, मध्ये चिकटवणारा रस, मग भट्टी. म्हणजे आमचं मसमनच की, पदरांची पोळी, फक्त लोणी नाही. आतले थर सुटले की पंख गेला, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून कुठे सुटतील ते चित्रात आधीच बघायचं.
पंखाच्या झडपेचा एक टाकाऊ तुकडा तिने घरी आणलाय. मी त्यावर चहाचे पेले ठेवते. सवयीने अंगठीने वाजवला. सगळीकडे खणखणीत, एका कोपऱ्यात बद्द. मडकं असतं तर कुंभाराच्या डोक्यात घातलं असतं.

९ मार्च
बद्द जागा तळहाताएवढी झाली. घिझलानला वाजवून ऐकवलं, तिचा चेहरा उतरला. तिच्या चित्रात ही झडप धडधाकट आहे. मग कबूल केलं की थर कुठे सुटू शकतात ते चित्रात आपणच आखून द्यायचं असतं. साहेबांनी, सी बुअज्जांनी, दोनच जागा आखायला सांगितल्या. जास्त आखल्या तर कॉम्प्युटर आठवडा खातो. जिथे फाटायची परवानगी नाही, तिथे चित्रात फाटतच नाही, म्हणाली.
मी हसले. माझी सासूही असाच संसार चालवायची.

१४ मार्च
तिने सगळ्या थरांमध्ये जागा आखून चित्र पुन्हा चालवलं. झडप पानापानाने सुटली. सी बुअज्जांनी बघितलं आणि म्हणाले की पोरी, इतक्या ठिकाणी परवानगी दिलीस तर तुझा बापही फाटेल. जुनंच चित्र जोड, झडप ठीक आहे म्हणून सही कर. न करशील तर करणारे दाराबाहेर उभे आहेत.
ती जेवली नाही. मला विचारलं, हन्ना, काय करू?
मी गंमत म्हणून सांगितलं. एकदा एक रांजण बद्द निघाला. राख आणि अंड्याच्या पांढऱ्याने चीर बुजवली, वाऱ्यात उभी राहून विकला. वाऱ्यात वाजवलेलं कुणाला ऐकू येतंय? सगळेच करतात गं, म्हटलं. कर सही.
ती हसली नाही.

१५ मार्च
सही केली. घरी आली तेव्हा मी पाठीवर थोपटलं. अंगठी लागली.
बद्द वाजलं.
थकली असेल.

१८ मार्च
आता डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत बद्द. येता-जाता मी तिला टिचकी मारून बघते. विचारलं तर म्हणते, ठीक आहे. पण ते ‘ठीक आहे’ दोनदा येतं. दुसरं जरा मागून.
काळा तुकडा आता सगळाच बद्द. पेले उचलले.

२१ मार्च
सकाळी चहा पिऊन कामावर गेली. मी दार लावलं. वळले —
पलंगावर ती. भिंतीकडे तोंड.
खिडकीशी धावले. खाली रस्त्यावर तीच, निळा रुमाल, कारखान्याकडे चाललेली.
पलंगावरची चपटी. गादीवर खळगासुद्धा नाही.

२२ मार्च
बाहेर जाणारी हसते, जेवते, बढती मिळणार म्हणते. पलंगावरची एकच बोलते: तसलीच झडप विमानाला लावली, हन्ना. थांबव.
फाटकापाशी सी बुअज्जांना गाठलं. म्हणाले की आजी, घिझलान आत आहे, ठणठणीत. म्हटलं, एकदा वाजवून बघा. हसले. मीच स्वतःला टिचकी मारून दाखवली असती, पण —
वारा होता.

२३ मार्च, दुपार
किल्ली फिरली. कामावरची आली. पलंगावरचीही उठली. कडेने बघितलं तर दिसतच नाही.
न्हाणीघरातून तिसरी.
सगळ्या विचारतात, हन्ना, काय करू?
नको करू सही. आता म्हणते. नको गं बाई.
अंगठीने एकेकीला — बद्द — बद्द — यातली भरीव कुठली, माझी कुठली —
माझ्या हातामागे माझाच आणखी एक हात, त्यातही हीच अंग—