किलमोराच्या झाडाचं निर्माल्य

॥ श्री ॥

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
४ जून २०२५

चि. देवयानीस ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: आयर्लंडला तुझ्याकडे विसरलेली माझी करडी शाल, चष्म्याचं घर, जपाची माळ, फुटलेल्या बिस्किटांचा पुडा आणि आपण बघितलेल्या जागांची चित्रकार्डं. टपालखर्च अठ्ठावीस युरो! आकडा दोनदा वाचला, मग चष्मा घालून पुन्हा वाचला. शाल मुळात तुळशीबागेतली, तीनशे साठ रुपयांची. आत माळ होती म्हणून गप्प बसते.

फोन का करत नाहीस म्हणून कुश चिडवतो. मी त्याला सांगितलं, फोनवर तुझी मावशी अर्धं ऐकते आणि मधेच बोलते. पत्रात तिला मधे बोलता येत नाही.

कार्डं बघून अनन्याने विचारलं की सगळ्यात काय आवडलं. सुनेला काय सांगणार? मी अजून एकेका धक्क्यातून सावरतेय. ड्रॉहेडाच्या चर्चमध्ये मी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, तर समोर काचेत खरोखरचं माणसाचं डोकं! संत झाले म्हणून काय झालं, साडेतीनशे वर्षं असं ठेवायचं? तुझी शेजारीण नोरा मात्र शांतपणे मेणबत्ती लावत होती. पुढे न्यूग्रेंजला हिवाळ्यात सूर्याचा किरण थेट आत शिरतो म्हणाले, तेव्हा मला कोल्हापूरचा किरणोत्सव आठवून भरून आलं. आत देवी कुठली म्हणून विचारलं, तर ती थडगी! घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली ते आठवतंय ना? तो उंच गोल मनोरा, त्याचं दार माणसाच्या डोक्याच्याही वर. आणि पडक्या चर्चच्या भिंतीवर कोरलेल्या त्या निर्लज्ज बाईबद्दल मी काही लिहिणार नाही. नोराने हौसेने माझा फोटो नेमका तिच्याखाली काढला. तो मी कुशला दाखवलेला नाही.

पण जीव तुटला तो गावाबाहेरच्या संतांच्या विहिरीपाशी. तू गुडघ्यामुळे गाडीत बसून राहिलीस. नोरा भरभर काहीतरी सांगत होती, मी मान डोलावत होते. देवाची जागा, एवढं सुंदर काटेरी झाड, आणि त्याच्यावर काय अवकळा! भिजलेल्या चिंध्या, मोजे, रिबिनी, लहान मुलाचा हातमोजा, सगळं कुजत लोंबतंय. आपण देवावरचं कालचं फूल आज ठेवत नाही.

आता सांगते, कारण आता तुला ओरडता येणार नाही. मी निघायच्या आदल्या सकाळी तू लेकीबरोबर, रुहीबरोबर, डोळे तपासायला गेलीस ना? मी तुझे रबरी हातमोजे आणि कात्री घेतली आणि चालत विहिरीवर गेले. सगळं निर्माल्य उतरवलं. दोन काळ्या पिशव्या भरल्या. कचऱ्याच्या डब्यात टाकताना देवाची क्षमा मागितली, कारण विसर्जनाला नदी जवळ नव्हती. मग झाडाखाली झाडून घेतलं, पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली. झाड जणू न्हाऊन उभं राहिलंय असं दिसायला लागलं. एवढ्या प्रवासात एक सेवा घडली, असं समाधान वाटलं.

आल्यापासून संध्याकाळी अंग कसकसतं. प्रवासाचा शीण असेल, सुंठ-गूळ चालू आहे. रुहीला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पद्मिनीताई


किलमोरा, आयर्लंड
१५ जून २०२५

ती. स्व. ताईस देवयानीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. शेगडीवर दूध होतं, ते उतू गेलं तरी कळलं नाही. ताई, काय करून बसलीस गं तू!

ते निर्माल्य नव्हतं. ते नवस होते. चालू नवस! घरात कुणी आजारी असलं की इथली माणसं त्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी विहिरीच्या पाण्यात भिजवून त्या झाडाला बांधतात. चिंधी कुजत जाते तसं दुखणंही विरत जातं, असं मानतात. म्हणून तर ती कुजूच द्यायची असते. नोरा तुला तेच सांगत होती, आणि तू डोलत होतीस!

गावात तेव्हापासून दुसरा विषय नाही. पहिल्यांदा वाटलं, टवाळ पोरांनी केलं. रविवारच्या प्रार्थनेत फादर त्यावर बोलले. पोलीस येऊन गेला. झाडाखाली उदबत्तीची काडी सापडली, तेव्हा फार्मसीतल्या बाईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तिला ठासून सांगितलं की आमच्या घरातलं कुणी असलं काम करणार नाही. आता तिच्या दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ?

आणि नोराचं काय सांगू. तिची ऑर्ला, शाळेत शिकवते ती, तिला रक्ताचा कॅन्सर आहे. डब्लिनला औषधं चालू आहेत. पोरगी काही खात नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. तुला फिरवताना नोरा हसत होती ना? ती आठवड्यातून तीनदा त्या झाडापाशी जाऊन यायची. ऑर्लाचा लिननचा रुमाल होता तिथे, निळ्या काठाचा. झाड उघडं बघितल्यापासून नोरा घराबाहेर पडलेली नाही.

अजून एक आहे. लिहू की नको असं झालंय. जो ती चिंधी काढतो त्याच्या अंगावर ते दुखणं जातं, असं म्हणतात. मी मानत नाही. रुही तर हसेल. पण तू अंग कसकसतं असं लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. कशी आहेस ते खरं कळव. मी अजून कुणाला काही बोललेले नाही. तुझ्यावर रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी,
देवयानी


॥ श्री ॥

कॅरी
२५ जून २०२५

चि. देवयानीस अ. उ. आ. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे.

माझ्या हातून हे व्हावं? वडाला बायकांनी बांधलेली सुतं कुणी कात्रीने कापली असती तर मी त्या माणसाचं तोंड बघितलं नसतं. आणि मीच ते केलं, वर उदबत्ती लावून! तुझं पत्र आल्यापासून पोथी उघडते, एका ओळीपाशी थांबते, मिटते.

तो रुमाल माझ्याकडे आहे. बाकी सगळं टाकलं, पण तो धड होता, कापड उत्तम. टाकवला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तू मला दोरा साठवणारी म्हणतेस. इथे आणून गरम पाण्यात धुतला आणि देवघरात ठेवला. समई पुसायला वापरत होते, देवयानी! त्या पोरीचा घाम असलेला रुमाल, आणि मी त्याने तेल पुसत होते.

तू नोराला सगळं सांग. परदेशातल्या बाईला कळलं नाही, असं गुळमुळीत सांगू नकोस. माझी ताई होती, तिने केलं, असं सांग. फार्मसीतल्या बाईलाही सांग. तुला मान खाली घालावी लागेल, त्याबद्दल मी तुझी अपराधी आहे.

माझं विचारशील तर ताप येतो. सांधे धरलेत. मुलांना बोलले नाही, दोघंही कामात असतात, उगाच रजा पडतील. तुझ्या पत्रातलं ते शेवटचं वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

रागव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
ताई


किलमोरा
५ जुलै २०२५

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

काल नोराकडे गेले. चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता हाकलून देणार. तर तिने पहिलं विचारलं काय, तुझी बहीण बरी आहे ना? मला खोटं बोलता आलं नाही, ताप येतो म्हणून सांगून टाकलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि देवाचं नाव घेत राहिली.

मग तिने बजावून सांगितलं की रुमाल लगेच परत पाठवायचा. तो पुन्हा त्याच फांदीला ती स्वतः बांधणार, म्हणजे तुझ्या अंगावरचं उतरेल. माझ्या मुलीचं ओझं मी दुसऱ्या कुणाच्या आईवर टाकणार नाही, असं तिने मला दारात पुन्हा थांबवून सांगितलं. ताई, तू तिचे नवस उतरवलेस आणि ती तुझी काळजी करतेय! मला रडू आवरेना.

गावाने पुन्हा चिंध्या बांधायला घेतल्यात. फार्मसीतल्या बाईला सांगितलं. ती फिस्सकन हसली आणि माझ्या पुडीत खोकल्याच्या गोळ्या फुकट टाकल्या. मला खोकला नाही.

रुहीला मात्र मी आणि नोरा दोघी सारख्याच वेड्या वाटतो. तिने कडक शब्दांत विचारलंय: काट्यांत हात घातलास तेव्हा गोचीड चावली का? अंगावर लाल कडं उमटलंय का? तसं असेल तर आजच्या आज डॉक्टरकडे जायचं. मुलांच्या रजेची काळजी त्यांना करू दे.

रुमाल पाठव. एवढं तरी माझं ऐक. धाकटी असले तरी हक्काने मागतेय.

तुझी,
देवयानी


॥ श्री ॥

कॅरी
१७ जुलै २०२५

चि. देवयानीस अ. उ. आ. वि. वि.

रुहीने बरोबर ओळखलं. गुडघ्याच्या मागे कडं होतं, ताटलीएवढं. मला दिसणार कसं? अनन्याने बघितलं आणि किंचाळली. रजा पडायच्या त्या पडल्याच. डॉक्टर म्हणाल्या, गोचीड चावली होती, अजून उशीर केला असता तर हृदयापर्यंत गेलं असतं. नंतर गाडीत कुश म्हणाला, लोक आयर्लंड बघून येतात, आई आयर्लंड झाडून आली. तीन आठवड्यांच्या गोळ्या आहेत. ताप उतरलाय, सांधे सुटताहेत.

आता रुमालाचं. मी तो पाठवणार नाही. मधे बोलू नकोस, वाच.

तुम्ही सगळे म्हणाल, गोचीड ती गोचीड. असेल. पण नोरा मानते तसं त्या पोरीचं दुखणं माझ्याकडे आलं असेल, तर बघ, तिच्याकडे असताना डब्लिनच्या मोठ्या डॉक्टरांना आवरत नव्हतं, माझ्याकडे येताना ते गोचिडीएवढं होऊन आलं आणि गोळ्यांत भागतंय. मग ते परत कशाला पाठवू? शहाणी बाई असा उलटा व्यवहार करील का? नोराला सांग, तिने माझ्यावर काही टाकलेलं नाही. मी स्वतः कात्री घेऊन गेले होते.

पण तिचा नवस मी मोडला, तो अर्धा ठेवता येत नाही. मागच्या अंगणात डॉगवुडचं झाड आहे, रुमाल त्याला बांधलाय. बांधताना ऑर्लाचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही. मला गोळ्या आहेत. चातुर्मास लागलाय, तेव्हा रोज पूजेनंतर त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायचं, असा नेम धरलाय. सोसायटीची कुशला चिठ्ठी आली की झाडावर फडकं लोंबतंय, काढावं. मी त्याला निक्षून सांगितलं, झाडावरचं काही काढायचं नाही, ते मी एकदा करून बसलेय. मग त्यानेच त्यांना उत्तर लिहिलं.

इथली हवा तुमच्यापेक्षा दमट आहे, आणि ऊन कडक. आज पाणी घालताना बघितलं, निळ्या काठाचा दोरा सुटायला लागलाय.

ऑर्लाच्या पोटात काही ठरतं का, ते नोराला विचार आणि मला उलट टपाली कळव. टपालाला कितीही लागले तरी चालतील.

तुझी,
ताई