हप्त्याच्या खणातलं तिकीट

मोहने,
२२ जानेवारी

आदरणीय आबा,

तुमचा जावई रवींद्र याचा मोहन्याहून सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (ठीक म्हणजे तब्येतीने. बाकीचं पुढे लिहिलं आहे, ते बसून वाचा.) थंडीमुळे आईचे गुडघे जरा जास्त कुरकुरतात, मेघनाकडे लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग लागला आहे आणि तुमची नात प्रियांका ठाण्याला हॉस्टेलवर इंजेक्शन द्यायला शिकते आहे, सध्या संत्र्याला देते. तुमची तब्येत कशी आहे? नवीन कवळी बसवून घेतलीत का? दिवाळीत तुम्ही चकली चहात बुडवून, ती मऊ पडेपर्यंत गप्पा मारत बसला होतात आणि म्हणाला होतात की जानेवारीपर्यंत पैसे जमतील, मग दातांच्या डॉक्टरकडे जाईन. जानेवारी संपत आला. आता चालढकल करू नका, कारण तुम्ही बोलता त्यातलं निम्मं हल्ली मला कळत नाही आणि त्या न कळलेल्या निम्म्यालाच मी हो म्हणून बसतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर घेता आणि खोपटच्या तुमच्या चाळीत भिंती किती जाड आहेत ते मला ठाऊक आहे. मागे मी तुम्हाला फक्त यंदा बोनस कमी मिळाला एवढंच म्हणालो, तर पलीकडून तीन वेगवेगळ्या बायकांनी हळहळ व्यक्त केली आणि एकीने तिच्या भाच्याच्या कंपनीत जागा आहे का ते विचारून ठेवते म्हणून सांगितलं. म्हणून पत्र लिहितो आहे. कृपा करून हे मोठ्याने वाचू नका.

विषय तुमच्या पेटीचा आहे. ऑगस्टमध्ये प्रियांकाच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी मी पतपेढीचं कर्ज काढलं, तुम्ही जामीनदार म्हणून सही केलीत आणि पुढच्याच रविवारी एसटीतली तुमची जुनी पत्र्याची तिकिटांची पेटी आणि चिमटा पिशवीत घालून आमच्याकडे आलात. बत्तीस वर्षांत ही पेटी एका रुपयाने चुकली नाही, आता हिच्यावर संसार चालवा, असं म्हणालात. पेटीला नऊ खण. त्यांना आम्ही नावं दिली: किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, आईची औषधं, येणं-जाणं, प्रियांका, आणि सगळ्यात कडेला, लाल अक्षरांत, हप्ता. दरमहा सहा हजार चारशे, पाच तारखेच्या आत. तुमचा नियम साधा होता. बसमध्ये सुटे नसले की तुम्ही तिकिटाच्या मागे किती देणे ते लिहून द्यायचात आणि प्रवासी ते पैसे उतरताना घ्यायचा. तसंच घरात करायचं. एका खणाचे पैसे दुसऱ्याला लागले तर तिकिटाच्या मागे रक्कम आणि सही, ते तिकीट ज्या खणातून पैसे काढले त्या खणात, आणि रविवारी सगळं जुळवायचं. तिकिटं मी जुन्या लग्नपत्रिकांची कापली, कारण तो कागद जाड असतो. मेघना म्हणाली, निदान आपल्या लग्नाची तरी सोडा. (सोडली. म्हणजे एकच प्रत उरली आहे.)

आबा, मी वागळे इस्टेटला कंपनीच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं आहे. अकरा हजार वॉशर आले आणि दहा हजार नऊशे नव्याण्णव निघाले तर मी ट्रक गेटवर थांबवतो. तेव्हा नऊ खणांची पेटी मला जड जाणार नाही असं मला वाटलं, आणि पहिले तीन महिने गेलीही नाही. मग नोव्हेंबरात गॅस चार दिवस आधी संपला. गॅसच्या खणात तीनशे कमी होते, ते दुधातून घेतले आणि दुधात तिकीट टाकलं. दुधाला कमी पडले ते विजेतून घेतले. वीज तुंबली, ती औषधांमधून भरली. आईच्या गोळ्या आणायची वेळ आली तेव्हा कुठेच काही नव्हतं, फक्त हप्त्याच्या खणात पैसे भरगच्च पडलेले होते आणि पाच तारीख चांगली सतरा दिवस लांब होती. त्यात आईची वेगळीच पद्धत. तिला चष्मा कधीच सापडत नाही, त्यामुळे ती तिकिटावर काही लिहीत नाही, नुसता चिमटा मारते, एक भोक म्हणजे दहा रुपये. मागच्या महिन्यात भाजीच्या खणात मला एक तिकीट सापडलं, त्याची पार चाळणी झाली होती. मी भोकं मोजली, चव्वेचाळीस भरली. आई म्हणाली, त्यातली चार चुकून पडली, ती धरू नकोस.

आता जे झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही, तुम्हाला समजलं तर कळवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी पेटी जुळवायला बसलो. प्रत्येक खणातली रोकड अधिक तिकिटं, अशी बेरीज केली आणि आबा, हिशोब जुळला. एका रुपयाचा फरक नाही. हप्त्याच्या खणात बरोबर सहा हजार चारशे: सत्तर रुपये रोख आणि बाकीची तिकिटं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन अर्धा किलो जिलेबी आणली (येणं-जाणं या खणातून, तिकीट टाकून). रात्री जेवताना मेघनाने विचारलं की हप्ता भरायचा कशाने, तेव्हा मी तिला म्हणालो, भरायचा काय, जुळला आहे. तिने माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढली. मला वाटलं तिला पटलं. जानेवारीतही हिशोब जुळला, आणि त्या खेपेला सत्तर रुपयेही नव्हते.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला, तो सांगितला नाही तर पुढचं लागणार नाही. आमच्या नाक्यावर रंभा मावशी भाजी घेऊन बसतात. वर्षानुवर्षं त्या पाट्या घेऊन तुमच्या गाडीतून जायच्या. एके दिवशी मेघनाकडे पैसे नव्हते, हातात आईने चार भोकं मारलेलं तिकीट होतं, तिने लाजत लाजत विचारलं की चाळीस रुपये उद्या देऊ का. मावशींनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं, चिमट्याची भोकं पाहिली आणि सरळ कनवटीला लावलं. म्हणाल्या, आबांच्या तिकिटाचे पैसे कधी बुडले नाहीत, राहू दे. झालं. तेच तिकीट मावशींनी काळुराम दूधवाल्याला दिलं. त्याने का घेतलं ते मला माहीत नाही, पण त्याचे वडीलही तुमच्या गाडीने जायचे म्हणे. आठवड्याने मी काळुरामला शंभराची नोट दिली, साठाचं दूध घेतलं आणि त्याने मला सुटे म्हणून चाळीस रुपयांचं माझंच तिकीट परत दिलं. मागे माझ्याच मेहुणीच्या लग्नाची तारीख छापलेली. मी ते खिशात घातलं आणि घरी येईपर्यंत खुश होतो की चाळीस रुपये आले. घरी आल्यावर लक्षात आलं की हे चाळीस मी मलाच देणे आहे. मेघना म्हणते आपलं देणं फिटलं. आई म्हणते फसवलं त्याने. मी दोघींचं ऐकलं आणि तिकीट भाजीच्या खणात टाकून दिलं. पण तेव्हापासून मी नाक्यावरून खाली मान घालून जातो, कारण नाक्यावर माझी अजून किती तिकिटं फिरताहेत ते मला माहीत नाही आणि ती सगळी तुमच्या नावावर चालताहेत.

म्हणून दहा तारखेला मी पेटी काखोटीला मारून पतपेढीत गेलो. मॅनेजर शिवराम भोईर माणूस चांगला आहे. त्याला मी टेबलावर पेटी उघडून दाखवली, एकेक खण समजावून सांगितला आणि म्हणालो, बघा, कुठे घोळ नाही, पै न् पै लिहिलेली आहे. त्याने सगळं शांतपणे पाहिलं. चिमटा हातात घेऊन दोनदा वाजवला. मग म्हणाला, "दादा, हिशोब एक नंबर आहे. फक्त ह्यात पैसे नायत." बाकी काय बोलला ते मी पत्राच्या शेवटी लिहितो, इथे लिहायला जागा नाही. (जागा आहे. हिंमत नाही.)

आणि आता खरी भानगड. गेल्या रविवारी, म्हणजे अठरा तारखेला, मी पुन्हा पेटी जुळवायला बसलो तर हिशोब चुकला. चुकला म्हणजे थोडाथोडका नाही, बारा हजार आठशे रुपयांनी जास्त भरला. शोधता शोधता हप्त्याच्या खणाच्या तळाशी एक तिकीट सापडलं. लग्नपत्रिकेचं नाही, खरं एसटीचं, जुनं, पिवळं पडलेलं. त्याच्या मागे निळ्या पेनाने लिहिलं आहे, "रु. १२,८०० देणे. उतरताना." सही म्हणजे नुसती एक आडवी रेघ. कोणी कोणाला देणे, काही पत्ता नाही. आईला विचारलं, ती म्हणाली भोकं आहेत का? नाहीत? मग माझं नाही. मेघनाला विचारलं तर ती शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू येईना. मी चार दिवस हे तिकीट पाकिटात घेऊन फिरतो आहे. आम्ही बारा हजार आठशेंनी श्रीमंत झालो आहोत की तेवढ्याच रकमेने आणखी बुडालो आहोत, हे मला खरोखर कळत नाही. परवा कंपनीत वॉशर मोजताना दोनदा चुकलो. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तरी काळजी करू नये. कवळीचं मनावर घ्यावं. चाळीतल्या सगळ्यांना (ऐकत असल्यास) जय भीम.

तुमचा जावई,
रवींद्र

ता. क. जे वर लिहिलं नाही ते असं. डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही हप्ते थकले आहेत. शिवराम म्हणाला की दोन थकले की जामीनदाराला नोटीस जाते, त्याच्या हातात काही नाही. तेव्हा पतपेढीचं पाकीट आलं तर कृपा करून ते फोडू नका, प्रियांकाजवळ तसंच माझ्याकडे पाठवा. मार्चअखेरीपर्यंत मी कसंही करून भरतो, रविवारचा ओव्हरटाइम मागितला आहे. ज्या माणसाची तिकिटं अजून नाक्यावर चालतात त्याच्या दारात माझ्यामुळे नोटीस यावी, याची मला फार लाज वाटते. आणि मेघनाला यातलं काही माहीत नाही, तिला सांगू नका.

ता. क. दुसरा. आज २३ तारीख. पत्र पोस्टात टाकायच्या आधी पुन्हा पतपेढीत गेलो होतो, नोटीस माझ्याच नावाने काढा असं हात जोडून सांगायला. शिवरामने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "कसली नोटीस? ती गेली पण नि आली पण. तुमचे सासरे गेल्या शुक्रवारी तीच घेऊन आले नि दोन्ही हप्ते भरून गेलेत. पावतीला चिमटा लावा म्हणत होते, मग मी आमचं पंचिंग मशीन लावलं." त्याने पावतीची प्रत दाखवली. बारा हजार आठशे. मी पाकिटातून तिकीट काढून शेजारी ठेवलं. ती आडवी रेघ तुमची आहे हे मला बत्तीस वर्षांच्या प्रवाशांइतकं पटकन ओळखता यायला हवं होतं. आबा, तुमची पेन्शन किती येते ते मला माहीत आहे. ते पैसे कशाचे होते तेही मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि मग मला पतपेढीत, लोकांच्या देखत, रडू आलं. शिवरामने पाणी दिलं. वर कवळीबद्दल मी तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी लिहिल्या आहेत, त्या खोडून टाकणार होतो, पण मग पान फार घाण दिसायला लागलं. माफ करा.

ता. क. तिसरा, मेघनाच्या अक्षरात. आबा, जय भीम. पाकीट चिकटवायचा डिंक माझ्या शिवणाच्या डब्यात असतो, त्यामुळे पत्र माझ्याकडे आलंच. मला यातलं काही माहीत नाही असं ह्यांनी लिहिलं आहे, ते तसंच राहू द्या. त्या शुक्रवारी तुम्ही माझ्या हाती दिलेलं तिकीट हप्त्याच्या खणात मीच टाकलं हेही सांगू नका, त्यांना अजून वाटतं की तुम्ही येऊन गुपचूप टाकून गेलात, आणि त्यात त्यांना बरं वाटतं. फेब्रुवारीचा हप्ता मी ब्लाउजांच्या पैशांतून आजच भरून आले. नाक्यावरची तिकिटंही सोडवून आणली, सहाच होती. पेटीतला येणं-जाणं हा खण आम्ही मोडला (ते कंपनीच्या बसने जाणार आहेत) आणि त्याच्यावर "आबांचे दात" अशी चिठ्ठी लावली आहे. त्या खणात तिकीट चालणार नाही, फक्त रोख, असं आईंनी जाहीर केलं आणि स्वतःचे शंभर त्यात पहिले टाकले. पाचशे रुपये रविवारी प्रियांकाबरोबर पाठवते, ते मुकाट्याने घ्या. तुम्ही तिकिटावर उतरताना लिहिलंय खरं, पण आम्ही इतक्यात उतरणार नाही, आणि तुम्हालाही उतरू देणार नाही.