उभ्यानं मागितलेला आशीर्वाद

सेंट ओडील, इलिनॉय
३ जानेवारी २०२५

आदरणीय बाबा,
सादर नमस्कार.

मी बरा आहे. तुमच्या शुगरचं दीक्षा कळवते. या दादावर राग आहे तिचा, म्हणून तेवढंच कळवते. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा पत्र. तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस आलेलं पत्र न फोडता ठेवणार नाही, अशी माझी खात्री.

नेपरव्हिल सोडून आठ महिने झाले. इथे पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम आहे. गाव म्हणजे चाळीस घरं, एक चर्च, धान्याची उंच कोठारं आणि मका कापून झालेली सपाट शेतं. दीडशे वर्षांपूर्वी कॅनडातून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी हे वसवलं. आता फ्रेंच बोलणारे एकच उरलेत, माझे घरमालक लिओन, वय सत्त्याऐंशी. बाकीचे चर्चमागच्या दफनभूमीत.

शनिवार-रविवार माझ्या तोंडून शब्द निघत नाही. परवा दुकानात 'थँक यू' म्हटलं तर आवाज घोगरा आला. लहानपणी 'रेडिओ बंद कर आता' म्हणायचात मला.

एक तारखेला सकाळी लिओनच्या दारातला बर्फ काढायला गेलो, तर म्हातारबुवा कोट-टाय घालून खुर्चीत बसलेले. कुठे निघालात, विचारलं.

"कुठे नाही. सवय."

यांच्यात वर्षाच्या पहिल्या दिवशी थोरलं मूल बापापुढे गुडघे टेकून सगळ्या भावंडांसाठी आशीर्वाद मागतं. यांचा थोरला ॲरिझोनात. फोन करतो, हवापाणी विचारतो, ठेवतो.

"मग तुम्हीच फोनवर देऊन टाका की," मी म्हटलं.

"बापाला आपणहून देता येत नाही. मुलानं मागावा लागतो."

मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, मी मागतो. पण उभ्यानं. कुणापुढे वाकायचं नाही, असं आमच्या बाबांनी शिकवलंय.

"बरोबर शिकवलंय," म्हणाले आणि काठी टेकत उठले. माझ्या डोक्याकडे हात नेला आणि थांबले. "तुझा बाप आहे ना अजून?"

"आहे."

"मग माझ्याकडे कशाला मागतोस?" हात खाली घेतला आणि कॉफी ठेवायला गेले.

बाबा, इतकं लिहिलं ते खरं लिहायचंय ते टाळत टाळत. नेपरव्हिलला माझे मित्र मनोहर आणि नीलांबरी यांच्या वास्तुशांतीला जाताना गाडीत मी तुम्हाला म्हटलं होतं, आज नुसतं नमस्कार म्हणा. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि दारात मनोहरला नेहमीसारखं जय भीम म्हणालात. मी तुमचा हात दाबला. वर हसून म्हणालो, "नागपूरकडे म्हणतात तसं."

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग ताट तसंच ठेवलंत. सहा आठवड्यांसाठी आला होतात, चौथ्या दिवशी परत गेलात. त्याला चार वर्षं झाली.

तिथे मी आठ वर्षं नुसता 'राकेश डी.' होतो. लोकांना आडनाव कळलं तर बोलावणी बंद होतील, अशी भीती होती. बोलावणी चालू राहिली आणि तुम्ही बंद झालात. त्या घरात मी वाकलो, बाबा. उभ्याउभ्या वाकलो. मला त्याची फार लाज वाटते.

काल दारातल्या टपालपेटीवर पूर्ण नाव रंगवलं. पत्रं टाकणाऱ्या बाईंनी उच्चार विचारला, तीनदा म्हणून दाखवला. तेव्हा पत्र टाकलंत तर नक्की पोचेल.

माफीचं तुम्ही ठरवा. मी आशीर्वाद मागतोय, माझ्यासाठी आणि दीक्षासाठी. थोरला मी आहे, मागायचं काम माझं होतं. चार वर्षं उशीर केला.

वर सवयीनं 'नमस्कार' लिहून बसलो आहे. खोडत नाही, तुम्हाला दिसू दे.

जय भीम, बाबा.

तुमचा,
राकेश धर्मराज गजभिये