काडेपेटीतले ढालकिडे

रविवार, दुपार

माझ्या किडेवाल्या नातीस,
आजीचा पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ती तुझ्या कामावरची चष्मेवाली. मागून तुमचे टकलू साहेब, हातात वही. चहा प्यायले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि शिरले तुझ्या बापाच्या मक्यात. आपल्या घरच्या शेतातले किडे आपण मोजायचे नाहीत म्हणे. नाहीतर तूच आली असतीस.

गुडघा बरा आहे. भोपळ्याचा वेल कुंपणापलीकडे उतरलाय. शेजारीण म्हणते, तिकडचे भोपळे माझे. म्हटलं, घे, पाणीही तूच घाल.

तर चष्मेवाली ओरडली, "साहेब, हे पिवळे ढालकिडे इथे कुठून आले?" मी वांग्यांना आळी करत होते, मान वर केली नाही.

आता सांगूनच टाकते. अळीला मारणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं ते बियाणं तुझ्या बापाने पेरल्यापासून तुम्ही बापलेक तोंड फिरवून बसलात. तू म्हणालीस, अळीबरोबर मित्रकिडेही जातील. तो म्हणाला, काही होत नाही. मी आपली जुन्या मक्याचं आणि नव्या मक्याचं, दोन्ही रानं हिंडले. नव्या मक्यात ढालकिडे, ते ढालीसारख्या पाठीचे तुझे मित्रकिडे, कमी वाटले, का माझी नजरच कमी, देव जाणे. म्हटलं, दोन्हीकडे सारखे भरले की भांडण मिटेल. काल भोपळ्याच्या पानांवरचे धरले आणि नव्या मक्यात सोडले. चांगल्या तीन काडेपेट्या!

मला काय ठाऊक, भोपळ्यावरचे पिवळे ते पानांवरची भुरी, ती पांढरी बुरशी, खाणारे आणि मक्यावरचे लाल ते मावा खाणारे! चष्मेवाली म्हणाली, "आजी, हे पाहुणे स्वतःच्या पायांनी आलेले दिसत नाहीत." तेवढ्यात माझ्या ओच्यातून काडेपेटी पडली आणि तीतून एक पिवळा ऐटीत बाहेर आला.

साहेब म्हणाले, आजचं मोजणं वाया. तुझी दोन वर्षांची मेहनत गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझा बाप बांधावरच उभा. वाटलं, आता आग पाखडतो. तर हा हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आई, माझ्यासाठी उसने किडे? अगं, खरे किती उरलेत ते मलाही कळू दे की!" मग मान खाली घालून साहेबांना विचारलं, "मोजायला नाही, नुसतं बांधावर बसायला आमची पोरगी आली तर चालेल?"

चालेल म्हणाले. काडेपेट्या मात्र चष्मेवालीने जप्त केल्या.

भोपळ्यापासून हलणार नाही अशी शपथ घेतलेली,
तुझी आजी

ता.क. पिवळे पांगले की पुन्हा मोजणार, पुढच्या बुधवारी सकाळी. कॅलेंडरवर गोल तुझ्या बापाने काढलाय, मी नाही.