शेजारच्या सीटचं तिकीट

प्रिय अमरेश,

ठाणाकुशनूरहून तुझ्या आईचा, अव्वाचा आशीर्वाद. फोनवर तू हवापाण्याचं बोलतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. हैदराबादेत तू गाडी विकून टाकलीस, हे तुझ्या बहिणीनं, शैलश्रीनं सांगितलं. तिचा नवरा मला माझ्या दुकानाचा माल बिदरहून आणायला दर सोमवारी गाडी पाठवतो म्हणतो. मी नको म्हटलं. आपल्या कर्नाटकात बायकांना बस फुकट असताना गाडी कशाला? बस उशिरा येते, कधी येतच नाही. पण तिच्या नावानं बोटं मोडायला चार बायका सोबत असतात, तेवढाच वेळ बरा जातो.

खरं कारण वेगळं आहे, तेही ऐक. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली, पण बसमध्ये ते माझ्या शेजारी असतात. बस थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकून ते आमची जागा धरायचे, आठवतं ना? आता मी चढले की शेजारी पिशवी ठेवते. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवूनच माती देतात. म्हणून असेल, डोळे मिटले की ते बसलेलेच दिसतात, कुठल्यातरी गाडीची वाट बघत. कंडक्टर हणमंतप्पा मला फुकटचं तिकीट देतो आणि काही न विचारता अप्पांचंही काढतो. त्याचे पैसे मी देते. लोक येडी म्हणत असतील, म्हणोत. बाभळीच्या वळणावर, जिथं तुझी गाडी उलटून अप्पा गेले, तिथं पिशवी दर वेळी माझ्या अंगावर कलते. वळणच तसं आहे, कळतं मला. तरी मी तिला हातानं सावरते आणि वळण सरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

त्या दिवशी अप्पा बसमध्ये बसले होते, तू हॉर्न वाजवून त्यांना उतरवलंस आणि गाडीत घेतलंस, एवढंच मला ठाऊक होतं. तेच तू मनात धरून बसलास. माती देऊन गेलास, तो गावाकडं फिरकला नाहीस. खोटं कशाला सांगू, मलाही तुझा राग होता.

गेल्या आठवड्यातल्या फेरीला हणमंतप्पानं अप्पांचा टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला, धुऊन घडी केलेला. इतके दिवस द्यायचा धीर झाला नाही म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं, ते तुला कळवायलाच हे पत्र. हॉर्न ऐकताच अप्पा तू हाक मारायच्या आत उठले होते. साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बसा तुमी ह्या डब्यात धक्के खात, आमचा अमरेश गाडीतून न्यायलाय मला!’ त्या घाईत टॉवेल सीटवरच राहिला. तू उतरवलं नाहीस रे त्यांना. ते हौसेनं उतरले. काल मी त्यांचं तिकीट काढू दिलं नाही. वळणावर पिशवी पायाशी होती आणि शेजारची जागा रिकामी. खूप रडले.

आता तू ये. बिदरपर्यंत कसाही ये, पुढं मात्र बसनं, माझ्याबरोबर. येत्या सोमवारी स्टँडवर मी खिडकीतून टॉवेल टाकून तुझी जागा धरते. ते वळण आपण दोघं मिळून पार करू. तिकीट मात्र तुझं तू काढ. फुकट फक्त मला आहे.

तुझीच वाट बघणारी,
अव्वा